मेलबर्नची तीन-चार दिवसांची सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांकडे आलेले आई-बाबा, सिडनी किंवा सिंगापूरहून जोडसुट्टी काढून येणारी कुटुंबं, कामाला येऊन दोन दिवस जास्त राहणारी माणसं या सगळ्यांचे प्रश्न बरेचसे सारखेच असतात. खाली ते सोप्यापासून अडचणीच्या प्रश्नांपर्यंत लावले आहेत. रकमा ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये आहेत. दर साधारण वर्षाला बदलतात, म्हणून त्या अंदाजे धरा.

१. मेलबर्नला किती दिवस पुरतात?

तीन पूर्ण दिवस. दोन शहराला आणि एक शहराबाहेरच्या सहलीला. भारतातून येणारं विमान बहुतेक रात्रभराचं असतं, त्यामुळे पोहोचण्याचा दिवस हिशेबात धरू नका. त्या दिवशी नदीकाठी फेरफटका आणि लवकर जेवण, एवढंच. चौथा दिवस हाताशी असला तर तिथे लगेच दुसरी लांबची सहल कोंबू नका. पावसासाठी किंवा राहून गेलेल्या गोष्टींसाठी तो मोकळा ठेवा. सगळ्यात जास्त विचका होतो तो तीन दिवसांत ग्रेट ओशन रोड हा किनाऱ्याचा रस्ता, फिलिप आयलंडचे पेंग्विन आणि पफिंग बिली ही वाफेची गाडी असं सगळंच करायला गेल्यावर (प्रश्न १०). दिवस गाडीत जातात आणि शहर बघायचंच राहतं (प्रश्न ९).

सिडनी जोडायचं असेल तर विमानप्रवास दीड तासाचा आहे, पण विमानतळावर जाणं-येणं धरून अर्धा दिवस मोडतो. दोन्ही शहरं मिळून सहा दिवसांपेक्षा कमी असतील तर एकच निवडा.

२. कोणत्या महिन्यात यावं?

मार्च-एप्रिल सर्वांत उत्तम. हवा स्थिर असते, समुद्राकडे जाता येतं आणि दिवस पुरेसा मोठा असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरही चांगले, पण वारा आणि सरी असतात. जून ते ऑगस्ट थंडी, दुपारी १३-१४ अंश. बर्फ नाही, पण ओली हवा बोचते. डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा. उत्तरेकडून वाळवंटाचा वारा आला की पारा चाळिशीपार जातो. मग नैर्ऋत्येचा वारा फिरला की तासाभरात १०-१५ अंशांनी उतरतो. म्हणून जानेवारीतही पातळ जाकीट पिशवीत असू द्या. ढगाळ दिवशीही इथलं ऊन चटका लावतं, टोपी आणि सनस्क्रीन लागतंच.

हॉटेलचे दर कडाडतात ते ठरावीक दिवशी: जानेवारीतली टेनिस स्पर्धा, मार्चची ग्रां प्री मोटारशर्यत, सप्टेंबरअखेरचा फुटबॉलचा अंतिम सामना, नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कप आणि २६ डिसेंबरपासूनचा कसोटी सामना. त्यासाठीच यायचं नसेल तर आठवडा मागे-पुढे करा.

घड्याळ भारताच्या साडेचार तास पुढे असतं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच तास.

३. व्हिसा कोणता लागतो? आमच्यापैकी काहींकडे परदेशी पासपोर्ट आहे.

भारतीय पासपोर्टला सबक्लास ६०० हा पर्यटक व्हिसा. अर्ज सरकारी इमीअकाउंटवर ऑनलाइन भरायचा, शुल्क दोनशे डॉलरच्या आसपास. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, नोकरीचं आणि रजेचं पत्र, प्रवासाचा आराखडा, नातेवाइकांकडे राहणार असाल तर त्यांचं निमंत्रणपत्र आणि त्यांच्या व्हिसाची किंवा नागरिकत्वाची प्रत जोडा. काहींना बोटांचे ठसे द्यायला बोलावतात. मंजुरी ईमेलवर येते, पासपोर्टवर शिक्का उमटत नाही. निदान दीड महिना आधी अर्ज करा आणि मंजुरीआधी परतावा न मिळणारं तिकीट काढू नका.

अमेरिका, कॅनडा, सिंगापूरच्या पासपोर्टवर ईटीए, तर ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या पासपोर्टवर ईव्हिजिटर मिळतो. दोन्ही ऑनलाइन मिळणारे प्रवेशपरवाने, सोपे. अमेरिकेचं ग्रीन कार्ड आहे पण पासपोर्ट भारतीय, तर सबक्लास ६००च.

४. मुलांसाठी फराळ नेता येतो का?

काही नेता येतो. नियम एकच: खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना भरायच्या प्रवेशपत्रावर जाहीर करायची. ‘होय’वर खूण करून मग अधिकाऱ्याने एखादी वस्तू काढून घेतली तर ती टाकून देतात, दंड होत नाही. ‘नाही’ लिहून पिशवीत सापडली तर दंड हजारो डॉलरचा होऊ शकतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो.

चकली, चिवडा, भाकरवडी, कोरडे दळलेले मसाले दुकानाच्या बंद पाकिटात, इंग्रजी लेबलसह असले तर सहसा अडचण येत नाही. पेढे, बर्फी, खवा, दुधाची मिठाई नको. भारतातल्या गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगामुळे दुग्धजन्य पदार्थांवर बंधन आहे. ताजा कढीपत्ता, आंबे, ओला नारळ, फुलं, तुळस, पेरायचं बी नको. घरी केलेल्या बेसनाच्या लाडवांचं काय करायचं ते काउंटरवरचा अधिकारी ठरवतो. तिथे हुज्जत घालून उपयोग नसतो. विमानात मिळालेलं सफरचंद विसरून पर्समध्ये राहणं ही नेहमीची चूक आहे, उतरण्याआधी पर्स बघा.

औषधं मूळ वेष्टनात ठेवा, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. तीन महिन्यांपुरता साठा चालतो.

५. विमानतळावरून शहरात कसं यायचं?

टुलामरीन विमानतळ शहरापासून २३ किलोमीटरवर आहे आणि तिथे रेल्वे नाही. एकटे-दुकटे असाल तर स्कायबस घ्या, ती थेट सदर्न क्रॉस स्टेशनवर आणते. मोकळ्या रस्त्यात अर्धा तास, तिकीट पंचवीस डॉलरच्या आसपास. चौघं असाल तर टॅक्सी किंवा उबर जवळपास त्याच खर्चात, कधी स्वस्तातही पडते. सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे ९०१ नंबरची बस ब्रॉडमेडोज स्टेशनपर्यंत आणि तिथून लोकल. त्यात मायकी कार्ड चालतं (प्रश्न ७), पण तास-सव्वा तास जातो आणि दोन मोठ्या बॅगा असतील तर जिवावर येतं.

तिकिटावर ‘एव्हलॉन’ लिहिलं असेल तर नीट बघा. ते जिलाँगच्या वाटेवरचं वेगळं विमानतळ आहे, शहरापासून पन्नासेक किलोमीटर. तिकीट स्वस्त दिसतं, पण रात्री उशिरा टॅक्सी करावी लागली तर वाचलेले पैसे त्यातच जातात.

६. राहायचं कुठे?

मधल्या चौकोनात, म्हणजे फ्लिंडर्स स्ट्रीट, स्पेन्सर स्ट्रीट, ला ट्रोब स्ट्रीट आणि स्प्रिंग स्ट्रीट यांच्या आत. १८३७ मध्ये आखलेला हा सरळ रेषांचा आराखडा आहे, चुकायला होत नाही आणि आतली ट्राम फुकट. सहलीच्या बसगाड्या पहाटे फेडरेशन स्क्वेअर किंवा सदर्न क्रॉसजवळून सुटतात, तेही इथून चालत गाठता येतं. कुटुंबासाठी स्वयंपाकघर असलेलं सर्व्हिस अपार्टमेंट घ्या. सकाळचा चहा-पोहे खोलीतच झाले की दिवस तासभर आधी सुरू होतो. किंग स्ट्रीटवर रात्री क्लबांची वर्दळ असते, झोप हलकी असेल तर ते टाळा.

नातेवाईक लांबच्या उपनगरात राहत असतील तर दोन रात्री तरी शहरात मुक्काम करा. रोजचा येण्या-जाण्याचा दीड-दोन तास वाचतो.

७. मायकी कार्ड म्हणजे काय आणि त्यात किती पैसे भरायचे?

लोकल, ट्राम आणि बस तिन्हींना चालणारं एकच कार्ड. स्टेशनवर, मशीनवर आणि सेव्हन-इलेव्हन दुकानांत मिळतं. कार्डाचे सहा डॉलर परत मिळत नाहीत. दोन तासांचं भाडं साडेपाच डॉलरच्या आसपास, आणि एका दिवसात कितीही फिरलात तरी त्याच्या दुपटीपेक्षा जास्त कापलं जात नाही. शनिवार-रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला ही मर्यादा आणखी खाली येते. शहराच्या मध्यभागी ट्राम फुकट असल्याने (प्रश्न ८) तीन दिवसांसाठी माणशी तीस डॉलर पुरतात.

प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागतं, एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. ट्राममध्ये रोख तिकीट मिळत नाही. लोकलला चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं, ट्राममध्ये फक्त चढताना. अँड्रॉइड फोनमध्ये मायकी घेता येतं. भारतातलं ज्येष्ठ नागरिक ओळखपत्र दाखवून सवलत मिळत नाही.

८. शहरात ट्राम फुकट आहे म्हणतात, मग दंड कसा होतो?

१ जानेवारी २०१५ पासून मधल्या चौकोनात आणि डॉकलँड्समध्ये ट्राम फुकट आहे, क्वीन व्हिक्टोरिया मार्केटही त्यात येतं. पण चढणं आणि उतरणं, दोन्ही या पट्ट्याच्या आत असलं पाहिजे. आत चढलात आणि बाहेर उतरलात तर पूर्ण भाडं लागू होतं, आणि कार्ड टेकवलेलं नसेल तर दंड.

चूक होते ती सीमेवरच्या ठिकाणी. नदीपलीकडचं आर्ट्स सेंटर आणि चित्रसंग्रहालय, श्राइन हे युद्धस्मारक, एमसीजी हे क्रिकेटचं मैदान, कार्लटनमधलं मेलबर्न म्युझियम ही सगळी ‘शहरातच’ वाटतात, पण पट्ट्याबाहेर आहेत. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनवरून पूल ओलांडला की पट्टा संपला असं लक्षात ठेवा. थांब्यावरच्या फलकावर आणि ट्राममधल्या घोषणेत सीमा सांगतात. उलट, पूर्ण प्रवास आतच असेल तर कार्ड टेकवूच नका, विनाकारण पैसे कापले जातील. ३५ नंबरची सिटी सर्कल ही जुनी ट्रामही फुकट आहे. हौस म्हणून एक फेरी मारा, पण घाईत असताना तिच्यासाठी थांबून राहू नका. लोकलला मात्र फुकट पट्टा नाही.

९. शहराचे दोन दिवस कसे लावावेत?

पहिला दिवस उत्तरेकडून दक्षिणेकडे. मार्केटकडून नदीकडे उतार आहे, त्यामुळे पाय कमी दुखतात. सकाळी नऊला १८७८ पासून भरणारं क्वीन व्हिक्टोरिया मार्केट. सोमवारी आणि बुधवारी ते बंद असतं, बाकी दिवशी दुपारी आवरतं. त्यामुळे कुठला दिवस शहराला द्यायचा हे या मार्केटवरूनच ठरवा. फळभाज्यांच्या शेडमध्ये भाव दुपारी उतरतात, पण माल सकाळी चांगला.

तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत स्टेट लायब्ररी. प्रवेश फुकट. १९१३ मध्ये उघडलेल्या अष्टकोनी घुमटाच्या वाचनालयात खाली बसून वर बघण्याआधी लिफ्टने वरच्या सज्ज्यात जा. मध्यभागापासून किरणांसारखी पसरलेली मेजं, त्यांवरचे हिरवे दिवे आणि मान खाली घालून अभ्यास करणारी मुलं वरूनच नीट दिसतात. इथेच नेड केली या दरोडेखोराचं लोखंडी चिलखत आहे. पुढे रॉयल आर्केड (१८७०) आणि ब्लॉक आर्केड, मग भित्तिचित्रांची होझियर लेन, फेडरेशन स्क्वेअर आणि पूल ओलांडून नॅशनल गॅलरी. तिथला कायमस्वरूपी संग्रह फुकट आहे आणि पाचला बंद होतो, म्हणून साडेतीनपर्यंत पोहोचा. मोठ्या दालनाचं रंगीत काचेचं छत जमिनीवर आडवं होऊन बघायची तिथे पद्धतच आहे, संकोच करू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमसीजी. १८७७ मध्ये जगातली पहिली कसोटी इथे झाली. फेरी सव्वा तासाची असते आणि सामन्याच्या दिवशी बंद. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला ३६ धावांत गडगडल्यानंतर आठवड्याभरात अजिंक्य रहाणेने इथेच ११२ धावा काढून संघाला उभं केलं. तिथल्या सामनावीराचं मुलाग पदक मिळवणारा तो पहिला खेळाडू. ज्यांनी ती पहाट टीव्हीसमोर काढली त्यांनी ही फेरी चुकवू नये. मग बोटॅनिक गार्डन, शेजारचं श्राइन हे युद्धस्मारक (दोन्ही फुकट) आणि श्राइनसमोरूनच १६ नंबरची ट्राम पकडून सेंट किल्डाच्या किनाऱ्यावर संध्याकाळ. परतताना ९६ नंबर, ती वेगाने येते. ब्रायटनच्या रंगीत खोपट्यांसाठी सँडरिंगहॅमची लोकल पकडून ब्रायटन बीच किंवा मिडल ब्रायटनला उतरा, पुढे पंधरा मिनिटं चालणं. छायाचित्रांपलीकडे तिथे फारसं काही नाही. वेळ असेल तरच जा.

१०. बाहेरची एकच सहल करायची तर कोणती?

*ग्रेट ओशन रोड* हा पहिल्यांदा येणाऱ्या, बारा तास बसमध्ये बसू शकणाऱ्या माणसांसाठी. २४३ किलोमीटरचा हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ दरम्यान बांधला. शेवटी ट्वेल्व्ह अपॉसल्स हे समुद्रातले चुनखडीचे सुळके आहेत. ते बारा कधीच नव्हते आणि २००५ मध्ये त्यातला एक कोसळला. बस लागणाऱ्यांनी गोळी घेऊनच निघावं, लॉर्न ते अपोलो बे सलग वळणं आहेत.

*फिलिप आयलंड* लहान मुलं असतील तर. जेमतेम ३३ सेंटिमीटर उंचीचे पेंग्विन अंधार पडताना समुद्रातून घोळक्याने वर येतात. वेळ सूर्यास्तावर ठरते: डिसेंबरअखेरीस पावणेनऊ, म्हणजे परत यायला मध्यरात्र. जूनमध्ये पाच, म्हणजे नऊपर्यंत घरी. छोटी मुलं झोपून जाणार असतील तर हिवाळ्यातच करा. तिकीट आधी काढा, उन्हाळ्यातही कानटोपी न्या. फोटो काढायला बंदी आहे, उजेडाने पक्षी बिचकतात. निघताना गाडीखाली वाकून बघा, पेंग्विन चाकाशी बसलेला असू शकतो.

*पफिंग बिली* आई-बाबांसाठी आणि गाडी नसलेल्यांसाठी. १९०० मध्ये सुरू झालेली ही वाफेची गाडी ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर चालते, माथेरानच्या गाडीचे रूळ ६१०चे. बेलग्रेव्हपर्यंत मायकीवर लोकलने सव्वा तास. पफिंग बिलीला मायकी चालत नाही, वेगळं तिकीट आधी काढावं लागतं. लेकसाइडपर्यंत जाऊन यायला दुपार उलटते. आगीचा धोका जास्त असलेल्या दिवशी वाफेऐवजी डिझेल इंजिन जोडतात, हे मुलांना आधी सांगून ठेवा.

११. ग्रेट ओशन रोड स्वतः गाडी चालवून एका दिवसात होतो का?

होतो, पण चालवणारे दोघं असतील तरच करा. पाचशेच्या आसपास किलोमीटर आणि चाकामागे सात-आठ तास. सकाळी सातला निघा. रस्ता जिथून सुरू होतो ते टॉर्की सव्वा तास, लॉर्न आणखी पाऊण तास, अपोलो बे एक तास, तिथून अपॉसल्स सव्वा ते दीड तास. टॉर्कीकडून गेलात तर समुद्र डाव्या हाताला असतो, त्यामुळे समोरची वाहतूक न ओलांडता थांब्यांवर वळता येतं. परत मात्र कोलॅकमार्गे आतल्या रस्त्याने या, तीन तासांत शहर. अंधारात किनाऱ्याच्या वळणांवरून परतू नका. कांगारू संध्याकाळीच रस्त्यावर येतात.

नेहमी फसतो तो पहिला अर्धा दिवस: टॉर्की, बेल्स बीच, लॉर्न असं करत दुपारचे दोन वाजतात आणि मुख्य ठिकाणी तासभरही उरत नाही. अपोलो बे एकच्या आत सोडा. अपॉसल्सनंतर काही मिनिटांवरचं लॉक आर्ड गॉर्ज चुकवू नका. १८७८ मध्ये इथे जहाज फुटून ५४ पैकी दोघंच वाचले.

सहलीच्या काही बसगाड्या उलट दिशेने जातात. त्या अपॉसल्सला गर्दीच्या आधी पोहोचतात, बुक करताना विचारा. एक रात्र अपोलो बेला काढता आली तर सगळ्यात छान.

१२. भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते का? काय सांभाळावं?

पर्यटक म्हणून येते, लायसन्स इंग्रजीत आणि चालू असलं म्हणजे झालं. वाहतूक डावीकडूनच.

शहराच्या मध्यभागात काही चौकांत ‘हुक टर्न’ आहे. उजवीकडे वळायचं तर डाव्या लेनमध्ये राहायचं, हिरवा लागल्यावर चौकात पुढे जाऊन डावीकडेच थांबायचं आणि ज्या रस्त्यावर वळायचं त्याचा सिग्नल हिरवा झाला की वळायचं. ट्राम थांबून तिची दारं उघडली की मागच्या गाडीने थांबायलाच हवं. टोलनाके नाहीत, कॅमेरा नंबर टिपतो. भाड्याच्या गाडीला टोलची सोय कशी आहे ते चावी घेतानाच विचारा. सात वर्षांखालच्या मुलांना चाइल्ड सीट सक्तीची आहे. शहरात फिरायला गाडी घेऊ नका, पार्किंगच महाग पडतं. बाहेरच्या सहलीच्या दिवसापुरतीच घ्या.

१३. शाकाहारी आणि जैन जेवणाचं काय?

शाकाहार अगदी सोपा. जवळपास प्रत्येक मेन्यूवर खूण असते. तरी तीन गोष्टी विचारा: सूप चिकनच्या पाण्यातलं आहे का, थाई आणि व्हिएतनामी पदार्थांत फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस आहे का, आणि तळण्याचं तेल वेगळं आहे का. जैन जेवण भारतीय हॉटेलात आधी फोन करून सांगितलं तर करून देतात. बाहेरच्या सहलीत मात्र पर्याय बटाट्याच्या चिप्सपर्यंत येतात, डबा घेऊन निघा. डँडेनाँग उपनगरातल्या फॉस्टर स्ट्रीटवरच्या लिटल इंडियात किराणा आणि फरसाण मिळतं, पण फक्त त्यासाठी इतक्या लांब जाण्यात अर्थ नाही.

कॅफे तीन-चारला बंद होतात. दुपारच्या जेवणाची स्वयंपाकघरं अडीचला, रात्रीची नऊच्या सुमारास. दुकानंही बहुतेक दिवशी पाच-सहाला मिटतात. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, हॉटेलात ते फुकट मागा.

१४. आई-बाबा सत्तरीपुढचे आहेत, त्यांना झेपेल का?

शहर झेपतं. सगळ्या ट्राम सारख्या नाहीत. जुन्यांना उंच पायऱ्या आहेत, नव्या जमिनीलगत. ९६ नंबरवर जमिनीलगतच्या गाड्या धावतात. थांब्यावरच्या वेळापत्रकात व्हीलचेअरची खूण बघा. अपॉसल्सचा सज्जा सपाट आहे. लॉक आर्डला खाली उतरायला पायऱ्या आहेत, पण वरूनही दिसतं. दिवसात दोनच मुख्य ठिकाणं आणि दुपारी तासभर खोलीत विश्रांती, हे गणित ठेवा. प्रवासविम्यात जुने आजार लिहिलेले आहेत ना, हे तपासा. इथे आपत्कालीन नंबर ०००. ऑक्टोबर २०२४ मध्ये थ्रीजी बंद झालं आहे, त्यामुळे आईचा जुना फोन इथे ०००लाही लागणार नाही असं होऊ शकतं.

१५. सार्वजनिक सुट्टीत आलो तर?

नाताळच्या दिवशी आणि गुड फ्रायडेला बहुतेक सगळं बंद. त्या दिवशी बागा, किनारे आणि स्वतःचं जेवण. २५ एप्रिलला, अँझॅक डे या सैनिकांच्या स्मृतिदिनी, दुकानं दुपारी एकनंतर उघडतात आणि श्राइनपाशी पहाटे मोठी गर्दी असते. कॅफे सुट्टीच्या दिवशी बिलावर दहा-पंधरा टक्के जास्त लावतात. ते मेन्यूवर लिहिलेलं असतं.

१६. रोकड किती, टिप द्यायची का, करपरतावा मिळतो का?

कार्ड सगळीकडे चालतं, बहुतेक ठिकाणी वर एक-दीड टक्का लागतो. शंभर डॉलर रोख पुरेत. टिप अपेक्षित नाही. भारतीय प्लग बसत नाही, तिरक्या पिनांचा ॲडाप्टर घरूनच आणा.

करपरताव्यासाठी, म्हणजे खरेदीवर भरलेला कर देश सोडताना परत मिळायला, एकाच दुकानदाराकडून एकूण ३०० डॉलर किंवा जास्त खरेदी, कराचं बिल आणि प्रस्थानाआधीच्या ६० दिवसांतली तारीख लागते. खर्चाच्या अकराव्या हिश्शाइतकी रक्कम परत मिळते. वस्तू हातातल्या सामानात असली पाहिजे, कारण काउंटर इमिग्रेशनच्या पलीकडे आहे. परफ्यूम, वाइनसारखं द्रवरूप सामान बॅगेत टाकायचं असेल तर बॅग देण्याआधी सीमाशुल्क अधिकाऱ्याला दाखवून बिलावर शिक्का घ्या. उड्डाणाच्या तीस मिनिटं आधी खिडकी बंद होते आणि रात्रीच्या विमानांना रांग मोठी असते.